काटा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
एकवीस वर्षं मी वजनं पुकारतो.
बावन्न सहाशे. एकावन्न नऊशे. पुढची घे!
आवाज गाळ्यातून निघतो,
रस्त्यापलीकडच्या ट्रकपर्यंत जातो,
परत येताना काही घेऊन येत नाही.

सहावीत, पंधरा ऑगस्टच्या तालमीला
मधाळे सर म्हणाले होते,
तू नुसते ओठ हलव.
मी हलवले. चाळीस वर्षं हलवत होतो,
आरतीत, भाचीच्या मंगलाष्टकांत,
बायकोच्या वाढदिवसालासुद्धा.

कोपरखैरण्यात दुसऱ्या मजल्यावर
कारखानीस बाई शिकवतात.
खाली इस्त्रीवाला, वर टाकी भरल्याची धार.
पहिल्या दिवशी त्यांनी पेटी उघडलीच नाही.
म्हणाल्या, ओरडणं आधी दारात ठेवा,
चपलांशेजारी. मग आत या.
आता सा लावा.

मी लावला.
इस्त्रीवाला बाहेर येऊन वर बघू लागला.
बाई हसल्या नाहीत.
हा सा नव्हे हो, म्हणाल्या,
हा बाजारभाव झाला.

मग कित्येक महिने नुसता खर्ज.
पहाटे पावणेचारला, गाड्या लागायच्या आधी,
गोण्यांच्या थप्पीकडे तोंड करून.
न्हाणीघरात मी बरा वाटतो मला,
ओल्या फरश्या तोंडपुज्या असतात.
गोणी तशी नाही.
तागाचं कापड आवाज पिऊन टाकतं,
उरेल तेवढाच आपला.
फार थोडा उरायचा.

एकदा हमालांतला जिजाबा शेलार दारात उभा:
मापाडी, पोटात दुखतंय का?
दुसऱ्या दिवशी मी शटर ओढून घेतलं.
तिसऱ्या दिवशी उघडलं.
कांद्याचा वास कोंडला की
श्वास पुरत नाही.
जिजाबा तोवर बिडी विझवून बसला होता.
म्हणाला, चालू द्या. मी काय बोललो नाही.

महिना आठवत नाही,
बहुतेक लाल कांदा सुरू झाला होता.
सा लावला आणि तो थरथरला,
आणि ते थरथरणं मला ओळखीचं वाटलं.
गोणी ठेवली की काटा असाच हलतो,
जरा अलीकडे, जरा पलीकडे.
हल्ली आकडे लाल दिव्यांत येतात,
पण तेही क्षणभर डळमळतात.
नवा पोरगा घाईने वाचतो, चुकतो,
मग शेतकरी बघतो त्याच्याकडे.
मी थांबतो. दोन श्वास.
गोणीला हात लावायचा नाही, दाबायचं नाही,
तिचं तिला बसू द्यायचं.

एकवीस वर्षं येत होतं मला हे.
गळ्याच्या बाबतीत सुचलं नव्हतं इतकंच.

थांबलो.
सा बसला.
गोण्यांनीही त्या दिवशी कडता कापला नाही.

वाशीच्या समाजमंदिरात बाईंच्या शिष्यांची बैठक.
खुर्च्या सदतीस, अकरा रिकाम्या.
माझा नंबर चौथा, माझ्याआधी
दहा वर्षांची मुलगी, पाण्यासारखी गाऊन गेली.
मी पंचमावर घसरलो.
तबलजीने वर पाहिलं.
मधाळे सर कुठे असतील, असतील की नाही,
पण त्या क्षणी ते तिसऱ्या रांगेत होते.

पूर्वीचा मी ओठ हलवत उतरलो असतो.
हात मांडीवर ठेवला. दोन श्वास.
तबला माझ्याशिवाय एक आवर्तन फिरून आला.
मग पंचम पुन्हा घेतला,
पहिल्यापेक्षा हळू,
आणि तो राहिला तिथे.
फार सुंदर होता असं नाही.
पण वजनात होता.

परतताना, कोपरीच्या सिग्नलला,
बायको मागून म्हणाली,
मध्ये थांबलात ना, मला वाटलं संपलं आता.
म्हटलं, काटा बघत होतो.
तिला काय कळलं कोण जाणे.
हिरवा लागला.
थोडं पुढे गेल्यावर माझ्या खांद्यामागे
ती काहीतरी गुणगुणू लागली,
चढताना जरा उतरत होती.
मी काही बोललो नाही.
स्कूटर हळू केली.